खोकल्यातलं रक्त आणि बुजवलेली वाट

विरार पूर्वेला चंदनसारच्या एखाद्या गल्लीत पाण्याची लाइन फुटली, की पहिली हाक चावीवाल्याला जाते. कुदळ-फावडं नंतर. आधी कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह बंद होतो, पाण्याचा जोर ओसरतो, मग नेमकं कुठे फुटलंय ते दिसतं आणि दुरुस्ती सुरू होते. हा क्रम कुणाला शिकवावा लागत नाही. पण शरीराच्या आत रक्ताची नळी फुटली, की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं: ऑपरेशन थिएटर, भूल, छाती किंवा पोट उघडणं. रक्तालाही चावी असते आणि जांघेतल्या एका टोचणीतून तिच्यापर्यंत पोचता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

या उपचाराला डॉक्टर एम्बोलायझेशन म्हणतात. सोप्या मराठीत, ठरावीक रक्तवाहिनी आतून बुजवणं. मेंदूपासून गर्भाशयापर्यंत अनेक ठिकाणी तो आज वापरला जातो. मला मात्र त्याच्या एकाच उपयोगाबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण तो आपल्याकडच्या एका जुन्या दुखण्याशी जोडलेला आहे आणि मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने त्यात मोलाचं काम केलं आहे. तो उपयोग म्हणजे क्षयाच्या रुग्णाला खोकल्यातून येणारं रक्त थांबवणं.

समजा, चंदनसारच्या एका चाळीत रात्री अकराला पंचेचाळिशीचा एक माणूस खोकत उठतो. दहा वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला होता. गोळ्यांचा कोर्स त्यानं पुरा केला, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तो कामावर परतला. आज घशात काहीतरी कोमट, खारट येतं आणि मोरीत पाहतो तर लालभडक, फेसाळ रक्त. बायको घाबरून म्हणते, "अहो, हे काय झालं?" शेजारचे म्हणतात, उष्णता झाली असेल, बर्फ द्या. थोड्या वेळानं पुन्हा उबळ येते आणि या वेळी अर्धा पेला रक्त पडतं.

टीबी बरा झाला होता ना, मग हे कुठून आलं?

याचं उत्तर फुप्फुसाच्या रचनेत आहे. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. मोठी वाट हृदयाच्या उजव्या बाजूकडून येते. शरीरभर फिरून आलेलं सगळं रक्त तिच्यातून फुप्फुसात जातं, प्राणवायू घेतं आणि परत फिरतं. या वाटेत रक्त भरपूर असतं, दाब मात्र कमी. दुसरी वाट अगदी बारीक. छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर महाधमनीतून काही कोवळ्या फांद्या फुटतात, त्यांना ब्राँकियल धमन्या म्हणतात. श्वासनलिकांच्या भिंतींना पोसणं हे त्यांचं काम. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्यातलं जेमतेम एक टक्का त्यांच्या वाट्याला येतं. पण त्या महाधमनीतून निघतात, म्हणून त्यांच्यातला दाब पूर्ण शरीराचा, आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो तोच.

टीबीचे जंतू फुप्फुसात पोकळ्या करतात, आजूबाजूचा भाग सुजवतात, त्या भागातली मोठ्या वाटेची जाळी नष्ट करतात. शरीर त्या जखमी भागाला रक्त पुरवायला दुसऱ्या वाटेचा आधार घेतं. एरवी दीड मिलिमीटरहून बारीक असणारी ब्राँकियल धमनी फुगते, नागमोडी होते, तिला नवनव्या फांद्या फुटतात. बरगड्यांखालच्या, काखेच्या, कधी पोटपडद्याच्या धमन्याही या कामाला येऊन मिळतात. जंतू मरतात, रोग बरा होतो, पण ही वेडीवाकडी जाळी तशीच राहते. पातळ भिंतींच्या नळ्या आणि त्यांत पूर्ण जोराचं रक्त. कधी जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो, कधी रुंदावलेल्या श्वासनलिकांत साधा जंतुसंसर्ग होतो, आणि एखादी फांदी फुटते. म्हणून औषधं नियमित घेतलेल्या, खरोखर बऱ्या झालेल्या माणसालाही वर्षांनंतर रक्त पडू शकतं. यात त्याचा दोष काही नाही, हे घरच्यांनी आधी समजून घ्यायला हवं.

खोकल्यातून जोरदार रक्त पडतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा ते या ब्राँकियल वाटेतून येतं. उरलेल्यांपैकी काहींत मोठ्या वाटेची फांदी पोकळीच्या भिंतीत फुगून फुटते. रासमुसेन या डॅनिश डॉक्टरांनी १८६८ मध्ये असे फुगे वर्णिले, या फुग्यांना आजही त्यांचंच नाव आहे.

अशा रुग्णाचा मृत्यू बहुधा रक्त कमी झाल्यानं होत नाही. तो गुदमरून होतो. घशापासून फुप्फुसाच्या आतपर्यंतच्या हवेच्या नळ्यांत मिळून सुमारे १५० मिलिलिटर एवढीच जागा असते. म्हणजे साधा चहाचा कपभर. तेवढं रक्त तिथे साचून गोठलं, तर अंगात चार-साडेचार लिटर रक्त शिल्लक असतानाही श्वास बंद पडतो. म्हणून इथे वेळ तासांत मोजावा लागतो.

क्षयानं आपल्या माणसांना कसं नेलं हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या आणि वर्षभराच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात याच रोगानं गेल्या. वय एकवीस. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा पाचच वर्षं झाली होती आणि औषध निघायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ जायचा होता. पुढे मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरुग्णांचं आरोग्यधाम उभं राहिलं. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार, फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत हवा भरणं, बरगड्या काढणं, असे त्या काळचे उपचार होते. औषधं आल्यावर चित्र पालटलं. पण फुप्फुसातून धो धो रक्त पडणाऱ्या रुग्णापुढे बराच काळ एकच खात्रीचा मार्ग होता: छाती उघडून तो भाग कापून काढणं. आणि ज्याला हे हवं असतं, त्याची दोन्ही फुप्फुसं बहुधा इतकी झिजलेली असतात की ते ऑपरेशन त्याला झेपत नाही. कोंडी इथे होती.

ती फुटली क्ष-किरणांच्या खोलीत. स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये एक साधी युक्ती छापली: सुईनं धमनी टोचा, सुईतून तार सरकवा, सुई काढा, तारेवरून लवचीक नळी आत ढकला. कापाकापी न करता धमनीत शिरण्याचा रस्ता मिळाला. अमेरिकेत ओरेगनमध्ये चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये याच रस्त्यानं जाऊन पायाची अरुंद झालेली धमनी रुंद केली. आज घरोघरी ठाऊक असलेली अँजिओप्लास्टी ती हीच. १९७२ मध्ये डॉटर, त्यांचे प्रागहून आलेले सहकारी योसेफ रोश आणि ब्राउन यांनी नेमकं उलट काम प्रसिद्ध केलं. पोटात रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाचंच गोठवलेलं रक्त नळीतून सोडून त्यांनी वाहती धमनी बंद केली होती. वाट उघडणारे आणि वाट बुजवणारे हात एकच होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण रक्ताची गुठळी अडकून धमनी बंद पडणं हा एरवी रोग आहे, अर्धांगवायू त्यातूनच येतो. तीच घटना ठरवून, हव्या त्या जागी, हवी तेवढीच घडवली की ती उपचार होते.

त्याच सुमारास मॉस्कोत फ्योदोर सेर्बिनेंको मेंदूच्या धमन्यांत इवलेसे फुगे सोडत होते. त्यांनी १९७४ मध्ये तीनशेहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला. आणि फ्रान्समध्ये लील शहरात जाक रेमी यांनी खोकल्यातून रक्त पडणाऱ्या रुग्णांच्या ब्राँकियल धमन्या बुजवायला सुरुवात केली. १९७७ मध्ये १०४ रुग्णांची त्यांची हकिकत 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात आली.

आता परळला येऊ. १९२६ मध्ये सुरू झालेलं केईएम रुग्णालय म्हणजे विरार-डहाणूपासून कोकणापर्यंतच्या गरीब माणसाचा भरवसा. इथल्या क्ष-किरण विभागात डॉ. रवी रामकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र अशा रुग्णांवर वापरलं, ज्यांचे दोन्ही खिसे रिकामे आणि दोन्ही फुप्फुसं खराब. १९९६ मध्ये त्याच 'रेडिओलॉजी'त त्यांचा लेख छापून आला: फुप्फुसाच्या क्षयामुळे जोराचा रक्तस्राव झालेले १४० रुग्ण, सगळ्यांवर ब्राँकियल धमनीचं एम्बोलायझेशन. चारांतल्या जवळपास तिघांचा रक्तस्राव आटोक्यात आला. लेखकांत डॉ. हेमंत देशमुखही होते, जे पुढे केईएमचे अधिष्ठाता झाले.

१४० या आकड्याकडे नीट पाहायला हवं. युरोप-अमेरिकेत क्षय तोवर दुर्मीळ झाला होता. तिथल्या रुग्णांत रक्तस्रावाची कारणं वेगळी. निव्वळ क्षयाचे १४० रुग्ण एकाच रुग्णालयात, ही गोष्ट आपल्या दुर्दैवाची खूण आहे. पण त्या दुर्दैवातून जगाला उपयोगी पडेल असं ज्ञान एका महापालिकेच्या रुग्णालयानं उभं केलं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भाग आजही भारतात आहेत. म्हणून परळचा तो लेख माझ्या दृष्टीनं आजही तितकाच जिवंत आहे.

प्रत्यक्षात काय करतात? आपल्या चंदनसारच्या रुग्णाचा आधी श्वास सांभाळतात, ऑक्सिजन देतात, रक्तगट तपासतात, रक्त गोठायला मदत करणारं औषध देतात. स्थिती जरा स्थिर असेल तर छातीचा सीटी स्कॅन अँजिओग्राफीसह होतो. कोणत्या बाजूच्या कोणत्या धमन्या फुगल्या आहेत याचा तो नकाशाच असतो. मग कॅथ लॅब, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्याची खोली. बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाहीत, जांघेत जागा बधिर करतात. धमनीत शिरणारी नळी दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. ती महाधमनीतून वर, छातीपर्यंत सरकवतात. आत नळी फिरल्याचं रुग्णाला जाणवत नाही, कारण धमनीच्या आतून स्पर्श कळत नाही. पडद्यावर पाहत डॉक्टर ब्राँकियल धमनीचं तोंड शोधतात आणि तिच्यात आयोडीनयुक्त रंगद्रव्य सोडतात. छातीत क्षणभर ऊब पसरते, आणि पडद्यावर ती जाळी दिसते: गुंतलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखी.

आता बुजवायचं कशानं? जिलेटिनच्या स्पंजाचे बारीक तुकडे हा जुना आणि स्वस्त पर्याय, काही आठवड्यांत ते शरीरात विरघळून जातात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे कण टिकाऊ. ते चाळणीनं गाळल्यासारखे मापाचे मिळतात, आणि इथे मापालाच सगळं महत्त्व आहे. ब्राँकियल वाट आणि मोठी वाट यांच्यामध्ये सुमारे सव्वातीनशे मायक्रॉन रुंदीचे छुपे जोड असतात. कण त्याहून बारीक असले तर पलीकडे निसटून नको तिथे अडकतात. म्हणून साधारण ३५० ते ५०० मायक्रॉनचे, म्हणजे बारीक रव्याच्या दाण्याएवढे कण रंगद्रव्यात कालवून थोडे थोडे सोडतात. रक्ताचा प्रवाहच त्यांना फुगलेल्या जाळीकडे ओढून नेतो. हळूहळू प्रवाह मंदावतो, थबकतो. डॉक्टर तिथेच थांबतात.

धातूच्या स्प्रिंगा, ज्यांना कॉइल म्हणतात, त्या इथे शक्यतो वापरत नाहीत. कारण चावीवाल्याला लगेच कळेल. कॉइल धमनीच्या तोंडाशीच बसते. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह सिमेंटनं लिंपून टाकला, तर पुढे पुन्हा गळती झाली की आत जायला वाटच उरत नाही. पलीकडची जाळी मात्र शेजारच्या फांद्यांतून रक्त ओढत राहते.

आणि फुप्फुस? त्याची धमनी बुजवली तर ते मरत नाही का? नाही, कारण दुसरी, मोठी वाट चालू असते. एम्बोलायझेशनचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे: ज्या अवयवाला एकाहून अधिक वाटा आहेत, तिथलीच एक वाट बुजवायची. यकृतालाही दोन वाटा असतात. त्याचं बहुतेक रक्त पोटाकडच्या शिरेतून येतं, पण यकृतातली कर्करोगाची गाठ धमनीवर जगते. म्हणून ती धमनी औषधासह बुजवून गाठ उपाशी ठेवता येते. गर्भाशयाच्या गाठींसाठी पॅरिसच्या जाक राविना यांनी १९९५ मध्ये हाच मार्ग जगापुढे ठेवला, आणि प्रसूतीनंतर न थांबणाऱ्या रक्तस्रावात तो गर्भाशय वाचवू शकतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या काठी राहणाऱ्यांनी आणखी एक उपयोग ध्यानात ठेवावा: अपघातात कंबरेचं हाड मोडून आत रक्त साचत असेल, किंवा प्लीहा फाटली असेल, तेव्हाही हीच नळी जीव वाचवू शकते.

धोका आहे, आणि तो लपवू नये. काही माणसांत मज्जारज्जूला रक्त देणारी बारीक धमनी याच ब्राँकियल फांदीच्या मुळाशी फुटते. तिच्यात कण गेले तर पाय लुळे पडू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून कण सोडण्याआधी डॉक्टर पडद्यावर मज्जारज्जूकडे जाणारी सरळ, केसासारखी रेघ दिसते का हे पुन्हा पुन्हा पाहतात. दिसली तर आणखी बारीक नळी तिच्या पुढे नेऊन तिथून बुजवतात, नाहीतर काम सोडून देतात. छातीत दोन-तीन दिवस दुखणं, घास गिळताना त्रास होणं हे मात्र सामान्य आहे आणि ते आपोआप ओसरतं. मूत्रपिंड अधू असतील किंवा आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगायचं. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, जांघेत गाठ येते का पाहायचं.

रक्त थांबलं म्हणजे रोग गेला, असं मात्र नाही. ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. व्हॉल्व्ह बंद झाला, फुटका पाइप तसाच आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा रक्त पडण्याचं प्रमाण दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांहूनही अधिक आढळलं आहे. क्षय अजून जागा असेल तर औषधं चुकवायची नाहीत, बुरशीचा गोळा असेल तर त्याचा विचार करायचा, ऑपरेशन झेपणार असेल तर ते आता घाई न करता, नीट तयारीनिशी करता येतं. एम्बोलायझेशन वेळ मिळवून देतं. ज्याचा श्वास रात्रीतून बंद पडला असता, त्याला सकाळ मिळते आणि पुढचा उपचार निवडायची उसंत मिळते. क्षयाची औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. नि-क्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. दोन्हींवर रुग्णाचा हक्क आहे, ते मागून घ्यावेत.

तर त्या रात्री चाळीत काय करायचं? बर्फ आणि उष्णतेच्या गप्पा बाजूला ठेवायच्या. कोणतं फुप्फुस खराब आहे हे ठाऊक असेल तर रुग्णाला त्याच कुशीवर निजवायचं, खराब बाजू खाली. म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात ओघळत नाही. ठाऊक नसेल तर पुढे झुकवून बसवायचं. उताणं झोपवायचं नाही. खोकला दाबणारं, गुंगी आणणारं औषध द्यायचं नाही, कारण खोकल्यानंच वाट मोकळी राहते. पडलेलं रक्त एका भांड्यात धरायचं, किती पडलं हे डॉक्टरांना दिसायला हवं. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा. रात्र सरायची वाट पाहून पहिल्या लोकलनं दादर गाठू, असा विचार अशा वेळी जिवावर बेतू शकतो. आधी जवळच्या रुग्णालयात श्वास सांभाळला जाऊ द्या, मग तिथून पुढे हलवा.

दोन गोष्टी मात्र आजच करता येतील. ज्यांच्या घरात कुणाला कधी टीबी होऊन गेला आहे, त्यांनी त्याचे जुने एक्स-रे, सीटी आणि औषधांचे कागद एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवावेत. उजवं की डावं, हे त्या फिल्मवरून क्षणात कळतं. आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं, की गाडी चंदनसारहून निघण्याआधी फोनवर स्पष्ट शब्दांत विचारावं: तुमच्याकडे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (नळीतून असे उपचार करणारा विभाग) आहे का, आणि रात्री ब्राँकियल धमनीचं एम्बोलायझेशन होतं का? खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते तिथल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर तिथे जाऊन खाट धरण्याआधी पुढचा नंबर लावा.